शिवणीची वही

अकोले,
१४ सप्टेंबर १९९६

चि. ग्लोरिया हिला शांतवनमामाचा सलाम आणि भरभरून आशीर्वाद.

इकडे ठीक. भात पोटरीला आलाय. मेरीमामीचे गुडघे कुरकुरतात, पण जीभ शाबूत आहे.

तुझं पत्र तीनदा वाचलं. पोलीस होऊन सहा महिने झाले नाहीत आणि बाईसाहेब विचारतात काय, तर टिपणं घ्यायला वही कुठली घेऊ! तीस वर्षांच्या नोकरीत मला हे कोणी विचारलं नव्हतं. मलाच इतकं कुतूहल वाटलं की काल बाजारात जाऊन दुकानदाराला चार तऱ्हेच्या वह्या काढायला लावल्या. एकेक वही खिशात घालून वाकून, उठून, बसून पाहिली. तो म्हणाला, "हवालदार, वही घ्यायचीय का कवायत करायचीय?"

तारेच्या स्प्रिंगची वही झकास. उलटी दुमडून उभ्यानं लिहिता येतं. पण पान ओढलं की सुटतं, आणि सुटलेलं कोणाला कळतही नाही. वरून उघडणारीचा पुठ्ठा लेचापेचा. डिंकानं चिकटवलेली तर दुकानातच सुटायला लागली होती. मग मधोमध दोऱ्यानं शिवलेली, तळहाताएवढी हाती आली. तिची गंमत बघ, एक पान फाडलं की पलीकडचं त्याचं जोडीदार पान लोंबायला लागतं. वहीच चुगली करते! तीच घे. घेतल्या दिवशीच सगळ्या पानांवर आकडे टाक.

आणि बॉलपेन वापर. मला माझ्या उस्तादांनी पेन्सिल शिकवली होती, कारण आमच्या डोंगरातल्या पावसात शाई पसरते, शिसं टिकतं. मीही येईल त्या नव्या पोराला तेच शिकवलं. तू पेन्सिल घेऊ नकोस.

का, ते लिहायचं टाळत दीड पान भरलं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते असं.

या २४ तारखेला संगमनेरच्या कोर्टात मला साक्षीला बोलावलंय. केस एक्याण्णवच्या नोव्हेंबरातली. हिवरटेकला एका बड्या शेतकऱ्याची भाताची गंजी पेटली. बांधावरून भांडण होतं म्हणून गहिनीनाथ नावाच्या शेजाऱ्याला धरलं. चार महिने तो आत होता, मग जामिनावर सुटला. गुन्हा शाबीत झाला तर पाच-सात वर्षं जातील. घरात म्हातारी आई आणि दोन पोरी.

गंजी पेटली सव्वासहाला. आणि सहा वाजून दहा मिनिटांनी हिवरटेकपासून दोन कोसांवरच्या नाक्यावर मी स्वतः गहिनीनाथला अडवलं होतं. सायकलला दिवा नव्हता. समज देऊन सोडला आणि वहीत नोंद केली.

धरून आणला तेव्हा तो माझ्याकडं बघून म्हणाला, "हवालदारसायेब, तुमीच तर मला नाक्यावर आडवलं हुतं. लिवलंय की तुमी. काढा ना वही."

मी म्हणालो, वही घरी राहिली.

वही खिशात होती, ग्लोरिया. साहेब मला बाजूला घेऊन म्हणाले होते, "शांतवन, केस उभी राहिलीय, मोडू नका." माझी बढती त्यांच्या सहीवर होती. वही शिवणीची, पान फाडलं तर दुसरं लोंबणार. म्हणून खोडरबर घेतला. त्या जागी लिहिलं, 'गस्त घातली, विशेष काही नाही.'

गहिनीनाथच्या वकिलानं काढलेलं समन्स आल्यावर ट्रंकेतून ती वही काढली. सकाळच्या उन्हात खिडकीशी पान तिरपं धरलं, आणि बघतो तर पेन्सिलीचा दाब कागदात तसाच! मी दाबून लिहितो, हे मलाच ठाऊक नव्हतं. दोन तास मान इकडं-तिकडं करत एकेक अक्षर लावत बसलो. दुसऱ्याचाच गुन्हा उलगडतोय असं वाटून क्षणभर मजाही आली, आणि त्या मजेची लाज वाटली. सहा दहा. गहिनीनाथ. दिवा नाही. सगळं वाचता येतं.

सरकारी वकील म्हणतात, पाच वर्षं झाली, आठवत नाही म्हणा, मोकळे व्हा. मेरीला सांगितलं तेव्हा तिनं हातातली भाकरी तव्यावर टाकली. मग म्हणाली, "पेन्शनीचं काय हुईल ते हुईल. पन त्यो बाजारात दिसला की तुमी गल्ली बदलता, ते मला बगवत न्हाई."

खरं आहे. तो अजून मला लांबून रामराम घालतो. त्या रामरामाची मला भीती वाटते.

मी वही कोर्टात नेणार आहे आणि ती कोणी खोडली, तेही सांगणार आहे. चौकशी लागेल. तुझ्या ठाण्यात लोक विचारतील, हा तुझाच मामा का. तुझी नोकरी नवी, म्हणून आधी तुला कळवतोय. तुला माझ्यामुळं मान खाली घालावी लागेल, याचं फार वाईट वाटतं.

तू येऊ नकोस, असं लिहायला बसलो होतो. पण ये. सुट्टी काढ आणि वर्दीत ये. माझ्या बाजूला बसू नकोस. गहिनीनाथची आई तिथं एकटीच असते, तिच्या शेजारी बस.

पाच वर्षं उशिरा बोलणारा,
तुझा
शांतवनमामा