ओळखीचा तास

३ फेब्रुवारी
लागली बाबा एकदाची नोकरी! ‘सुजय, सहायक’ असा गळ्यात बिल्लासुद्धा मिळाला. दिल्लीतल्या आर. के. पुरमहून फरीदाबाद गाठताना जीव जातो, पण मेंदूला मार लागलेल्यांचं हे केंद्र झकास आहे. व्हीलचेअरवरच्या बबनरावांना पक्षाघातानंतर एकच शब्द येतो, ‘बिल्कुल’. चहा हवा का? बिल्कुल. मी मूर्ख आहे का? बिल्कुल! हरिदासकाकांच्या डोक्यात कालचं काहीच उरत नाही. त्यांच्या बायकोला, कुमुदिनीकाकूंना, चेहरे ओळखू येत नाहीत, अगदी नवऱ्याचासुद्धा. आवाज मात्र पक्के ओळखतात. रोज सकाळी नऊला ओळखीचा तास. ज्याने त्याने आपली वही वाचायची. वहीत असेल ते खरं.

५ फेब्रुवारी
काका-काकूंची फाईल वाचली. तीन वर्षांपूर्वी बायपासवर त्यांच्या स्कूटरला गाडीने मागून उडवलं. गाडीवाला उतरला, बघून पळाला. तारीख वाचली, पुन्हा वाचली. तो मीच. गाडीतल्या मित्राला म्हणालो होतो, की चलो यार, मेलेत दोघं. आईशप्पथ, मेलेच वाटले होते!
जाऊ दे. एकाला आठवत नाही, दुसरीला चेहरा कळत नाही. माझं काय वाकडं होणार?

६ फेब्रुवारी
व्यायामाला सगळ्यांना उठवताना ‘चलो यार’ म्हणालो. काकू थरथरायलाच लागल्या. मग नवऱ्याच्या कानाशी लागल्या. काका वहीत उतरवत बसले.

७ फेब्रुवारी
ओळखीच्या तासाला काकांनी वाचलं, मान वर केली आणि म्हणाले, मेल्या, तूच. केंद्राचे मोठे सर म्हणाले, रुग्णांचं मनावर घेऊ नकोस. जेवणाच्या सुट्टीत ते पान फाडलं.

१० फेब्रुवारी
पान परत आलं. काकू रोज सांगतात, काका रोज लिहितात. कुणाचाही राग कधीतरी जुना होतो. ह्यांचा नाही — रोज सकाळी नवाकोरा. आज काकांची वही बबनरावांच्या मांडीवर होती. मी विचारलं, मारणार का मला?
बिल्कुल.

११ फेब्रुवारी
राजीनामा लिहिलाय. लिफ्ट कुणीतरी बंद केलीय — जिन्याच्या वरच्या पायरीवर लिहितोय. मागून चाकं वाजतायत — बबनराव, थांबा —

तारीख फळ्यावर आहे
नाव सुजय. डावा हात सापडत नाही. एक बाई रडून गेल्या. आई म्हणे.
नऊ वाजले. समोरचे काका माझी वही वाचतात. छान वाचतात. शेजारच्या काकू हसतात. म्हणे रोज वाचतात आणि रोज मी रडतो. मला तर आज पहिल्यांदाच कळतंय — की मी एका स्कूटरला मागून