राखाडी रंगाखालच्या तीन खुणा

जे. पी. नगर, बेंगळुरू
१४ जुलै

चि. शिल्पाश्रीस,

अण्णाचे अनेक उत्तम आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. तुझ्या आईचा गुडघा बरा आहे, कुरकुर मात्र तशीच आहे. तू बांधून दिलेलं चीज तिनं उपम्यावर किसून संपवलं आणि आता ते चांगलं होतं म्हणते.

पत्र पाहून तुला नवल वाटेल. फोनवर आपण दोघं हवापाण्याच्या पुढे जात नाही, आणि दोन मिनिटांत तुझी आई फोन ओढून घेते. शिवाय यातल्या काही गोष्टी कागदावरच असायला हव्यात. कोणत्या, ते पुढे येईल.

इटलीहून आल्यापासून मी चढेल झालोय, असं तुझी आई म्हणते. झालोय, कबूल आहे. गेल्या रविवारी आपल्या समाजाच्या हॉलमध्ये वेणुगोपाल त्याच्या यात्रेचे फोटो दाखवत होता. मी त्याचं संपू दिलं आणि मग शांतपणे माझा फोन काढला. डोंगराच्या कपारीत अडकवलेला तो आश्रम पाहून सगळे खुर्च्या ओढून जवळ आले. मी सांगितलं, शेकडो वर्षांपूर्वी एक संन्यासी इथे एकटा राहायचा. त्याचं अंथरूण दगडातच कोरलेलं आहे. मी त्यावर आडवा होऊन पाहिलं, तर पाय बाहेर आले. तिथल्या भिंतीवरच्या चित्रातला तांबडा पाहून हा गेरू आहे असं मी म्हणालो आणि तुमच्या वाटांच्या मंडळाचे ते म्हातारे प्रमुख एत्तोरे चकित झाले, हेही सांगितलं. आपलं घराणं रंगाऱ्यांचं, त्यात चकित होण्यासारखं काय आहे? पण सांगताना बरं वाटलं. डोक्याला दिवा बांधून तू मला सदुसष्टाव्या वर्षी ओल्या गुहेतून कोपरांवर सरपटत नेलंस, ते मी दोनदा सांगितलं.

मग वेणुगोपालनं विचारलं, पोरगी तिथं नक्की करते तरी काय?

चार वर्षांपूर्वी हा प्रश्न आला की मी उठून कॉफी आणायला जायचो. इंदिरानगरची नोकरी सोडून तू गेलीस तेव्हा मी काय बोललो ते तू विसरली नसशील. फ्लेक्सनं माझा बोर्ड रंगवायचा धंदा बुडवला, तुला संगणकावर बसवता यावं म्हणून मी जन्मभर रॉकेलनं हात धुतले, आणि तू जाऊन दगडांवर पट्टे मारणार. मग वर्षभर तुझ्याशी बोललो नाही. तुझी आई फोनवर असली की मी पेपर वाचत बसायचो आणि कान तिकडे असायचे.

या वेळी उठलो नाही. म्हणालो, त्या खोऱ्यातल्या सगळ्या डोंगरवाटांच्या खुणा रंगवायचं काम माझ्या मुलीकडे आहे. अनोळखी माणूस नुसत्या तिच्या खुणा बघत गुहांपर्यंत आणि आश्रमापर्यंत जातो आणि संध्याकाळी सुखरूप खाली येतो.

शिल्पा, पहिली खूण पाहिली तेव्हाच मी ओळखलं होतं. तांबडा-पांढरा पट्टा संपवताना तू मनगट किंचित डावीकडे वळवतेस, म्हणून रंग ओघळत नाही. ही माझी लकब, तुला मुद्दाम कधी शिकवलेली नाही. खडबडीत चुनखडीवर इतकी स्वच्छ कड मला तरी जमली असती की नाही सांगता येत नाही. त्या दिवशी तू पुढे चालत होतीस आणि मागे माझे डोळे भरून आले. चष्मा पुसायला थांबलो तर तू विचारलंस, “अण्णा, दम लागला? स्वल्प बसा.” मी हो म्हणालो.

आता मुद्द्याचं लिहितो. चार पानं फाडून इथवर आलो आहे.

शेवटच्या बुधवारी तू लोकांना घेऊन मोठ्या गुहेत गेलीस आणि मला आश्रमाच्या ओट्यावर बसवून गेलीस. मी तुला संध्याकाळी सांगितलं की बसून होतो, जरा डुलकी लागली. ते खरं नव्हतं. मागच्या बाजूनं एक जुनी वाट वर जाते, तिकडे मी फिरायला गेलो. तिथे एका दगडावर कुणीतरी खुणेवर राखाडी रंग फासला होता. एकच हात, तोही पातळ. खालून तांबडा दिसत होता. पुढे आणखी दोन तशाच. माझं डोकं फिरलं. माझ्या मुलीच्या कामावर कुणी टवाळानं रंग फासावा आणि मी बघत बसावं?

तुझा रंगाचा डबा आणि ब्रश आश्रमाच्या पडवीत होते. मी आणले. राखाडी खरवडला आणि तिन्ही खुणा पुन्हा रंगवल्या. काम उत्तम झालं होतं. तुला घरी गेल्यावर सांगून थक्क करायचं ठरवलं होतं. मग आवराआवरीत राहिलं.

राखाडी म्हणजे वाट बंद, हे मला माहीत नव्हतं. तू सांगितलंही असशील. तू सांगत असताना मी तुझा हात बघत होतो.

गेल्या आठवड्यात तुझ्याबरोबर काम करणाऱ्या त्या कियाराचा तुझ्या आईला निरोप आला. फोननं त्याचं तोडकंमोडकं कन्नड केलं होतं, पण कळायचं ते कळलं. एक म्हातारं जोडपं त्या खुणांवरून वर गेलं. पुढे दरड पडून वाट तुटलेली. ते जेमतेम मागे फिरले आणि त्यांनी तक्रार केली. तू मंडळासमोर उभं राहून सांगितलंस की चूक माझी, बंद वाट मीच नजरचुकीनं रंगवली. म्हणून वाटांचं काम तुझ्याकडून काढून घेतलं, आणि पुढे द्यायचं की नाही ते महिनाअखेरीच्या सभेत ठरणार आहे. कियाराला वाटत होतं की आम्ही तुला धीर द्यावा.

तिनं तिसऱ्या खुणेचा फोटोही पाठवला होता. तो मी मोठा करून पाहिला. उजवीकडे खाली दगड ताजा खरवडलेला आहे.

तिथे काय होतं ते आपल्या दोघांनाच माहीत. पन्नास वर्षं प्रत्येक बोर्डाच्या त्या कोपऱ्यात मी बारीक ‘गिरी’ अशी सही करत आलो. तिथेही हात आपोआप गेला, कन्नड अक्षरांत. त्या अख्ख्या डोंगरात ते वाचू शकणारी तू एकटीच. तू वाचलंस, खरवडलंस आणि आपलं नाव पुढे केलंस. मला एका शब्दानं बोलली नाहीस. रविवारी फोनवर विचारलंस ते माझ्या बीपीचं.

आठवडाभर मी गप्प राहिलो. बोम्मसंद्र्याच्या निम्म्या कारखान्यांवरचे ‘अपाय’चे, धोक्याच्या सूचनेचे बोर्ड माझ्या हातचे, आणि धोक्याची खूण मीच पुसली, हे स्वतःशी म्हणायलाही जीभ रेटेना. त्या दोघांना काही झालं असतं तर? रोज सकाळी हाच विचार घेऊन उठतो. काल तुझ्या आईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, “पोरीनं तुमची लाज राखली आणि तुम्ही हॉलमध्ये फोटो दाखवत फिरताय. आज लिहा, नाहीतर मी लिहिते.”

सोबत एत्तोरेंना वेगळं पत्र जोडलं आहे. मराठीत आहे, कारण मला नीट लिहायचं होतं. महिनाअखेरच्या सभेत ते तू उभी राहून त्यांच्या भाषेत वाचून दाखव. मला सांभाळून घेणारा एक शब्दही घालू नकोस. त्यात लिहिलंय की तिन्ही खुणा मी रंगवल्या, न विचारता रंगवल्या, आणि माझ्या मुलीनं बंद केलेली वाट बरोबरच बंद केली होती. ती खोटं बोलली ते फक्त बापासाठी, कामात ती कधी खोटं बोललेली नाही. पत्र पोचायला वेळ लागेल म्हणून त्याचा फोटो आजच कियाराला पाठवला आहे, तिचा फोन तिला अर्थ सांगेल. म्हणजे आता तुला ते दडवता येणार नाही. रागाव हवं तर.

माझ्यासाठी तू पुढे झालीस याचा मला अभिमान वाटतो आणि लाजही वाटते. दोन्ही एकदम वाटतं, म्हणून झोप नीट लागत नाही. पण काम तुझं आहे. मी ते एकदा अडवू पाहिलं होतं, चार वर्षांपूर्वी. आता माझ्यामुळे अडायला नको.

त्या पत्राखाली सही करताना ‘गिरी’ लिहिलं नाही. तुमच्या गावात बेकरीवाल्यापासून एत्तोरेंपर्यंत सगळे मला एकाच नावानं हाक मारायचे, तेच लिहिलं आहे.

तुझा अण्णा,
शिल्पाचे वडील