माहेरच्या नावाचं तिकीट

दि. १२ फेब्रुवारी

प्रिय चिंगीस,

अ. उ. आ. (नात्याने तुझी वहिनी, म्हणून आशीर्वाद. वर्गात आपण एकाच बाकावर बसायचो आणि वयाने मी तुझ्याहून लहान आहे, ते तूर्त सोडून दे.)

शाळेच्या वसतिगृहात सिस्टर दर रविवारी आपल्याला घरी पत्रं लिहायला बसवायच्या आणि बजावायच्या, की बरी बातमी आधी लिहा, काळजीची दुसऱ्या परिच्छेदात. तर बरी बातमी अशी, की ह्यांनी तुझं विमानाचं तिकीट काढलं. वीस जूनचं. दुपारी चष्म्यांचं दुकान बंद ठेवून, दोन बोटांनी कॉम्प्युटर बडवत, कोणाला जवळ न येऊ देता. कंपनी सगळ्यात स्वस्त, पाण्याचा घोटसुद्धा विकत देणारी. खिडकीची जागा हवी का, जादा सामान आहे का, असं कॉम्प्युटर एकेक विचारत होता आणि हे प्रत्येकाला नको म्हणत होते, जणू दारावर विक्रेता आलाय. प्रवास-विम्याची चौकट आली तेव्हा मी मागून म्हटलं, की तेवढी खूण करा, आता कोणाचंच वय राहिलेलं नाही. त्यावर मलाच ऐकवलं, की स्वतःच्या घरी यायला कसला विमा काढायचा? मग संध्याकाळी नजर तपासायच्या जुन्या तक्त्याच्या पाठीवर तुझ्या नावाची पाटी रंगवायला बसले. विमानतळावर ती धरून ड्रायव्हर लोकांच्या रांगेत उभे राहणार आहेत. लांबून वाचता आली नाही तर तुला नवा चष्मा फुकट, असं सांगितलंय. मला अजून पाहू दिलेली नाही. कपाटामागे वाळत ठेवली आहे.

आता दुसरा परिच्छेद. दुकानाच्या दोन पायऱ्या चढल्या की ह्यांना बसावं लागतं. पायांना सूज आहे. डॉक्टर म्हणाले, हृदय दमलंय. गोळ्या बदलून दिल्या आहेत. तू फोनवर विचारू नकोस, फोन त्यांच्या उशाशीच असतो.

माया कर, आणि पत्राला उशीर करू नकोस.
तुझी वहिनी


दि. २४ फेब्रुवारी

सौ. वहिनीबाईंस,

सा. न. वि. वि. (आता झालं ना समाधान?)

आज दिवसभर एका आजोबांची खालची कवळी घासत होते. त्यांना ती हसताना टोचते म्हणे. आमचे मालक म्हणाले, मग कमी हसा म्हणावं. दादा नेहमी म्हणतो ना, की भावाने डोळे दुरुस्त करायचे आणि बहिणीने दात, म्हणजे म्हातारपणी घरचं माणूस बाहेर जायला नको!

तिकीट मिळालं. छापून घेतलं आणि आधी पोटभर हसले, मग हसू आटलं. वहिनी, त्याने तिकिटावर माझं माहेरचं नाव घातलंय. पासपोर्टवर कोणतं आहे ते तुला माहीत आहेच. माझं लग्न ज्याने स्वतः उभं राहून लावून दिलं, तोच ते विसरला. विसरला तरी कसं म्हणू? त्याच्या लेखी मी त्या घरातून कधी गेलेच नसेन.

कंपनीला फोन केला. पलीकडच्या मुलीने गोड आवाजात सांगितलं, की नाव बदलायचं शुल्क तिकिटाहून जास्त आहे, शिवाय लग्नाचा दाखला लागेल. दादाला यातलं काही कळू देऊ नकोस. आयुष्यभरात ज्याने कोणाला चुकीच्या नंबरची काच बसवून दिली नाही, त्याला ही चूक दाखवायला माझी जीभ उचलत नाही. मी बघते काय ते.

औषधं वेळेवर दे. त्याने तोंड वेडंवाकडं केलं तर माझी शपथ घाल.

आहे तेवढा जीव लाव, जास्त मागत नाही.
तुझी चिंगी


दि. २० मार्च

प्रिय चिंगीस,

अ. उ. आ.

बरी बातमी ही, की तुझं तिकीट गावभर झालंय. एका बाईंच्या चष्म्याचा स्क्रू आवळून देताना ह्यांनी त्यांना तिकिटाची सगळी कथा ऐकवली, तारखेसकट, किमतीसकट. वर हेही, की हुशार माणूस चार महिने आधीच तिकीट काढतो. बाई बिचाऱ्या अर्ध्या आंधळ्या होऊन बसल्या होत्या, कारण चष्मा ह्यांच्या हातात. मी मागे उभी राहून जीभ चावत होते.

त्यानंतर मात्र दुकानात जाणं बंद झालं. आता खिडकीजवळच्या खुर्चीत बसतात, मांडीवर काचांची पेटी घेऊन. एकेक काच उजेडाकडे धरतात, पुसतात, परत ठेवतात. काल डॉक्टर मला बाहेरच्या बोळात घेऊन गेले आणि म्हणाले, की जून लांब आहे. एवढंच म्हणाले. मला कळलं. तुला लवकर येता आलं तर बघ. सिस्टरच्या शिस्तीने हे दुसऱ्या परिच्छेदात लिहिलंय, पण तू हाच आधी वाच.

तुझ्या वाटेकडे डोळे लावून,
वहिनी


दि. २ एप्रिल

प्रिय वहिनी,

स. न. वि. वि.

तुझं पत्र हातात पडलं तशी मी कवळी मेणातच सोडून विमानतळावर गेले. कंपनीच्या खिडकीशी आपल्याला नात शोभेल अशी मुलगी होती. तिने हिशेब मांडला: तारीख बदलायचं शुल्क, नावाचं शुल्क, शिवाय तेव्हाच्या आणि आताच्या भाड्यातला फरक. तेवढ्या पैशांत मी दोनदा येऊन गेले असते. ती वाईट नव्हती गं. म्हणाली, की विमा घेतला असता, तर सख्ख्या नातलगाच्या आजारपणासाठी तारीख बदलायचा खर्च मिळाला असता. कॉम्प्युटरचा पडदा माझ्याकडे वळवून तिने ती रिकामी चौकट दाखवली. मला तिथे दादाचं बोट दिसलं, नको म्हणणारं.

मग ठरवलं, की ते तिकीट गेलं तर गेलं, नवं काढायचं आणि पुढच्याच आठवड्यात यायचं. दादाला फोनवर सांगितलं, की लवकर येते. पुढचं तू शेजारी बसून ऐकलंस. त्याने विचारलं, की डॉक्टर तुला काही बोलले का? मी नाही म्हटलं. तर म्हणाला, की मग माझं तिकीट का वाया घालवतेस? वीसला ये, मी पाटी घेऊन उभा असेन. लहानपणी मला सायकल शिकवताना म्हणायचा ना, की मी धरलंय, तू पुढे बघ, अगदी तसाच आवाज होता. वहिनी, मी लवकर आले, तर आपण चाललोय हे त्याला कळेल. म्हणून कबूल केलं. वीसलाच येते.

त्याच विमानाचं दुसरं तिकीट काढलंय, सासरच्या नावाने. त्याला वाटेल, त्याचंच आहे. या वेळी विम्याच्या चौकटीत खूण केली. काही कमीजास्त झालं तर त्याच रात्री निघता येईल. मला कळवत राहा, लपवू नकोस.

त्याच्या कपाळावरून माझा हात फिरव.
चिंगी


दि. २७ मे

प्रिय चिंगी,

आज बरी बातमी नाही, म्हणून पहिला परिच्छेद लिहिलाच नाही.

फोनवर तुला नीट सांगता आलं नाही. तू रडत होतीस आणि घर माणसांनी भरलं होतं. त्या सकाळी ह्यांना बरं वाटत होतं. चहा मागितला, अर्धा प्यायले. माझ्याकडे बघून म्हणाले, की तुझ्या चष्म्यावर बोटांचे ठसे आहेत, जग असं धुरकट बघतेस म्हणून चिडचिड करतेस. माझ्या डोळ्यांवरून चष्मा काढून घेतला, सदऱ्याच्या टोकाने पुसला. काड्याही माझ्या कानांमागे स्वतःच अडकवल्या. मग विचारलं, की जून लागला का? मी म्हटलं, आता लागेलच. बरं म्हणाले आणि कूस बदलली. मला वाटलं, डोळा लागला.

तू पोचेपर्यंत ह्यांना ठेवता आलं नाही, याचा राग धरू नकोस. सगळे माझ्याकडे बघत होते आणि मला काही सुचत नव्हतं. काचांची पेटी अजून खुर्चीवर आहे. मी तिथे कोणाला बसू देत नाही.

तुझी,
वहिनी


दि. ४ जून

प्रिय वहिनी,

राग कसला? तू होतीस त्याच्याजवळ, हे माझ्यावर उपकार आहेत.

मी का पोचले नाही ते लिहिते, कारण फोनवर मला ते सांगता येत नव्हतं. तुझा फोन आला तशी विम्याच्या माणसांकडे गेले. खूण केली होती ना या वेळी. तिथल्या गृहस्थांनी बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं. मग विचारलं, की गेलेली व्यक्ती तुमची कोण? म्हटलं, सख्खा भाऊ. त्यांनी माझा पासपोर्ट पाहिला, दादाचं नाव लिहून घेतलं आणि अगदी अदबीने म्हणाले, की आडनावं जुळत नाहीत, नात्याचा पुरावा लागेल. वहिनी, मी पर्स उलटीपालटी केली. या देशात माझं आणि त्याचं आडनाव एक असलेला माझा एकच कागद निघाला, ते चुकीचं तिकीट. तेच पुढे केलं. त्यांनी ते दोन्ही हातांत धरून वाचलं, पण हा पुरावा होत नाही म्हणाले. त्यांचंही बरोबर आहे. जन्माचा दाखला तुमच्या कपाटात, मी इथे. स्वतःच्या खर्चाने निघायचं म्हटलं, तर पहिली जागा दोन दिवसांनी होती. तोवर तू सगळं उरकल्याचं सांगितलंस.

आता घाई कोणासाठी करू? त्याला वीस कबूल केली होती, वीसलाच येते. परवा मी एक अख्खी दातांची रांग उलटी बसवली. मालक माझा कोट घेऊन आले आणि मला घरी पाठवलं.

एक सारखं मनात येतं. आईवडील गेले, आता दादा. त्या नावाने मला ओळखणारं कोणी उरलं नाही. तू विमानतळावर दगदग करू नकोस, मी टॅक्सीने येईन. दाराशी कोणी उभं नाही, हे एकदा बघावं लागणारच आहे.

सांभाळून राहा.
चिंगी


दि. ११ जून

प्रिय चिंगीस,

अ. उ. आ. नात्याने आता या घरात मीच मोठी, तेव्हा मुकाट्याने ऐकायचं.

जन्माचा दाखला काढून ठेवला आहे, पुढेमागे लागेल. तुझी खोली झाडली. पलंग खिडकीकडे सरकवला आहे.

कपाटामागची पाटी काल बाहेर काढली. इतके दिवस हात लावला नव्हता. तेच नाव आहे, तिकिटावरचं. पहिली अक्षरं तक्त्याच्या वरच्या ओळीसारखी ही मोठाली, आणि मग ह्यांच्या लक्षात आलं असावं की जागा पुरत नाही, म्हणून पुढची लहान लहान होत गेली आहेत. आडनावाची शेवटची अक्षरं तर माझ्या चष्म्यातूनही दिसेनात. इतक्या मापाच्या माणसाने असं कसं केलं, म्हणून मी एकटीच हसले, आणि मग खूप वेळ खाली बसून राहिले.

त्या नावाने तुला ओळखणारं कोणी उरलं नाही, असं पुन्हा लिहू नकोस. वसतिगृहाच्या हजेरीत रोज सकाळी तुझ्या आधी तेच नाव मी ऐकत होते, आणि तू झोपलेली असलीस तर हजर म्हणून ओरडतही होते.

वीसला टॅक्सी घेऊ नकोस. बाहेर येशील त्या दारापाशी कोणी पासपोर्ट विचारत नाही. ड्रायव्हर लोकांच्या रांगेत मी उभी असेन, पाटी धरून. चष्मा पुसून ये. नाव लांबूनही दिसेल, पण आडनाव वाचायला तुला माझ्या अगदी जवळ यावं लागेल.

वाट पाहते.
तुझी वहिनी