आवाज न करणारं म्यान

घोडपदेव

विशू,

आज तुझा नवरा माझ्या चामड्याच्या दुकानात आला. आपली ओळख त्याला ठाऊक नाही. सुऱ्यासाठी म्यान शिवून हवं म्हणाला. मी प्रेस-बटण दाखवलं.

"नको ताई, ते वाजतं."

"मग चामड्याची वादी बांधते."

"ती सोडायला वेळ लागतो."

शेवटी त्याने लोहचुंबक निवडलं. ते आवाज न करता उघडतं.

"वर नक्षी काय काढू?"

"विशाखा लिहा," तो हसून म्हणाला. "तिच्यासाठीच आहे."

मला तुझ्या गळ्यावरचे वळ आठवले.

तुझा फोन तोच बघतो, पत्रही तोच उघडेल, म्हणून हे टपालाने पाठवत नाही. उद्या तो कामावर गेला की मीच हे घेऊन वरळीला येते. सामान बांधू नकोस. पोरीला उचल आणि माझ्यासोबत चल.

येतेच,
तुझी संघमित्राताई