पहिल्या पानावरून गायब

३ मार्च, मंगळवार

साईट गायब! म्हणजे जागेवर आहे – पत्ता टाकला की उघडते, माझे तीनशे बारा लेख जसेच्या तसे. पण शोधायला जावं तर कुठेच नाही. ‘दगड कारखाना धूळ आजार’ असं टाकलं. सहा वर्षं पहिलं नाव आमचं यायचं. आज पहिलं नाव कारखान्याचं! ‘निरोगी कामगार, निर्मळ हवा’. एक्केचाळीस माणसांच्या छातीत दगडाची भुकटी बसली आहे, सात जण गेले – आणि म्हणे निर्मळ!

कामगारांच्या खटल्याची सुनावणी तीस तारखेला. लादी कापताना यंत्रावर पाणी सोडावं लागतं, त्याने धूळ बसते. यांनी काम लवकर उरकावं म्हणून पाणी बंद ठेवलं. मुकादम पाळीच्या वहीत तशी रोज नोंद करायचे. कारखाना म्हणतो, अशा वह्या नव्हत्याच. एका मुकादमाने एक वही जरी घरी नेली असेल तरी आम्ही जिंकलो. वही असेल त्याने फोन करावा, हेच आवाहन साईटवर सर्वांत वर आहे. आणि नेमकी तीच साईट दिसेनाशी झाली. योगायोग? माझा योगायोगावर विश्वास नाही.

४ मार्च

जुलमी राजवटी पूर्वी छापखाने फोडत. आवाज तरी होई. आता नुसतं यादीत खाली ढकलायचं. अकराव्या पानावर टाकलेला माणूस मेल्यातच जमा!

प्रश्न एकच – आतून कोण?

साईट सूनबाई सांभाळते. सूनबाईचा भाऊ कारखान्याच्या कचेरीत, खरेदीच्या टेबलावर. मी काही म्हणत नाही. फक्त लिहून ठेवतो.

७ मार्च, शनिवार

कारखान्याच्या फाटकाबाहेर सभा. दोनशे तरी माणसं होती. दीड तास बोललो. “तुमचा आवाज यंत्राच्या पोटात गाडला जातोय!” – टाळ्या थांबेनात.

मागून पॉलिशवाला खोकत उठला. “साहेब, पण फोनवर तुमचं काहीच दिसत नाही बघा. नुसता तुमचा फोटो.”

मी म्हणालो, “फोटो पाहून लढे जिंकता येत नाहीत. वाचायला शिका!” सगळे हसले. तोही हसला. बहुधा.

८ मार्च

साईटचा पासवर्ड बदलला. कोणाला सांगितलेलं नाही.

दुपारी सूनबाई दारात आली. “बाबा, साईटचं जरा बोलायचं होतं.” मी म्हणालो, भाषणाची तयारी चालू आहे.  ती परत गेली. चेहऱ्यावरचा रंग उडाला होता. चोराच्या मनात चांदणं!

१२ मार्च, गुरुवार

वहीसाठी एकही फोन नाही. अठरा दिवस उरले. वकीलबाई म्हणाल्या, “तुमची भाषणं उत्तम आहेत, पण भाषण पुराव्यात दाखल करता येत नाही.”

घरी आल्यावर हिला सगळा संशय सांगितला. भाजी चिरता चिरता ऐकून घेतलं आणि म्हणाली, “सर्च इंजिनला काय तुमच्याशी भाऊबंदकी आहे का हो? आणि त्या पोरीवर कसला आळ घेता? तिने तुमचे तीनशे लेख टाईप केलेत. मी लग्न केलंय तरी तीनसुद्धा वाचले नाहीत.”

विनोद करण्याची वेळ नव्हती ही.

१३ मार्च

आज सगळं बाहेर आलं. लिहायला हात धजत नाही, तरी लिहितो.

जेवताना मी सूनबाईला सरळ विचारलं – कारखान्याने तुला काय दिलं? ताटावरचा तिचा हात थांबला.  ती उठली, माझाच फोन आणला, त्यावर आमची साईट उघडून माझ्यापुढे ठेवली.

माझा फोटो. खाली दोन ओळी. ‘गंभीर वाचन बोटाने सरकवत होत नाही. सर्व लेख कॉम्प्युटरवर वाचावेत.’ बस! एक लेख नाही. आवाहनसुद्धा नाही.

मी फोनवर फक्त बोलतो. हे पान मी कधी पाहिलंच नव्हतं.

“हे कोणी लिहिलं?”

“तुम्ही, बाबा. दोन वर्षांपूर्वी. मी म्हटलं होतं, फोनवरही सगळं देऊ. तुम्ही मला पाऊण तास समजावलंत – वाचनसंस्कृती की काय ते.”

आठवलं. स्वतःचं वाक्य माणूस ओळखतोच. लिहिताना आवडलंही होतं.

मग तिने सांगितलं. सर्च इंजिन आता साईट फोनवर जशी दिसते तशीच वाचतं. फोनवर जे नाही, ते त्याच्या लेखी नाहीच – कॉम्प्युटरवर तीनशे लेख असोत की तीन हजार. आपली साईट ते जानेवारीपासून तसं वाचू लागलं. कारखान्याचं पान फोनवर चटकन आणि पूर्ण उघडतं, म्हणून ते वर. कोणी कोणाला काही चारलेलं नाही.

“तशी सूचना आली होती, तुमच्या मेलवर.”

आली होती. कारखान्याची खेळी समजून मी पुसून टाकली.

“रविवारी दुरुस्त करायला बसले तर पासवर्डच चालेना. विचारायला आले तर तुम्ही तयारीत. म्हटलं, तुम्हाला माझं काम नको असेल.”

पाच दिवस! मी नवा पासवर्ड कागदावर लिहून दिला. हिने माझ्याकडे पाहिलंदेखील नाही.

१५ मार्च

सूनबाईने दोन दिवस बसून सगळे लेख फोनवर आणले. आवाहन सर्वांत वर, मोठ्या अक्षरांत, खाली माझा नंबर. माफी मागितली. ती म्हणाली, “असू दे बाबा, आधी ही प्रतिमा लहान करू, पान जड होतंय.” प्रतिमा म्हणजे माझा फोटो.

१९ मार्च

अजून चौथ्या पानावर. यंत्राने पुन्हा वाचायला हवं म्हणे. माझी भाषणं लोक पुन्हा ऐकत नाहीत, हे तरी वाचतंय.

२५ मार्च

पहिल्या पानावर! दुसरं नाव आमचं. कारखान्याच्या बरोबर खाली. ही म्हणाली, “पेढे नंतर, आधी वही येऊ द्या.”

२६ मार्च

फोन आला! दुसऱ्या पाळीचे जुने मुकादम. “साहेब, वह्यांचं बोलायचं होतं.” वह्यांचं! एक नाही! उद्या सकाळी येतो म्हणाले. वकीलबाईंना लगेच कळवलं.

२७ मार्च

मुकादम आले. हात रिकामे.

“अकरा वह्या होत्या माझ्याकडं. फेब्रुवारीत पोराच्या फोनवर शोधलं, कुणाला द्यायच्या ते. पहिलंच जे आलं, त्याच्यावर लिहिलं होतं – कामगार मदत कक्ष. वाटलं, तुमचंच. फोन केला तर दोन माणसं गाडी घेऊन आली. चांगली बोलली. वह्या घेऊन गेली. परवा तुमचं पान दिसलं, तेव्हा म्हटलं हे तर वेगळंच, ते वरचं कारखान्याचं.”

मी म्हणालो, तुमची चूक नाही.