कुत्रीला दिलेलं फाटक

बापू,

कुत्री तुम्हाला चावली, ते सगळं मी आजवर कुणाला पूर्ण सांगितलेलं नाही. हिंगोली जिल्हा परभणीपासून नुकताच वेगळा झाला होता. पोलिसांच्या श्वानपथकातून निवृत्त होऊन तुम्ही औंढ्याजवळच्या आपल्या बंजारा तांड्यावर परतलात, ते एक अल्सेशियन पिल्लू घेऊनच. तिला तुम्ही बाहीचा खेळ शिकवलात. समोरचा माणूस एका हातात गोणपाटाची जाड बाही घालतो. कुत्र्यानं फक्त ती धरायची, सांगितलं की सोडायची. मी हिंगोलीला कॉलेजात होते. तिथून दुसऱ्या एका खेळाची माहिती घेऊन आले. त्यात माणूस अंगभर गादीसारखा पोशाख चढवतो आणि कुत्रं पाय धरतं. एकाच कुत्रीनं दोन्ही खेळावेत, हिवाळ्यातल्या दोन्ही स्पर्धांना उतरावं, हा हट्ट माझा. तुम्ही एवढंच म्हणालात, "एक पक्कं होऊ दे आधी." मी ऐकलं नाही. याडीनं जुन्या गोधड्या उसवून पोशाख शिवून दिला. तो घालून तुम्ही चुलीपुढून गेलात तेव्हा ती म्हणाली, "नवरा व्हता, त्याची गादी झाली."

महिनाभर एक दिवस बाही, एक दिवस पोशाख. मग त्या सकाळी ज्वारी काढलेल्या रानात तुम्ही नुसती बाही घालून उभे आहात. मी "धर" म्हणते. कुत्री जमिनीलगत धावते आणि तुमची उघडी पोटरी धरते. तुम्ही ओरडत नाही. "सोड" म्हणता, ती सोडते आणि शेपूट हलवत माझ्याकडे बघते. तिला वाटतं, आपलं बरोबर आलं.

टाके घालून आलात तेव्हा याडी दारातच उभी होती. "द्या कुणालाबी देऊन. तांड्यात लेकरं हायेत." ती खोटं बोलत नव्हती. तुम्ही बाजेवर पाय लांब केलात आणि मला समोर बसवलंत.

"काल काय म्हणलीस तिला?"

"धर."

"आन् आज?"

"धर."

"मंग तिची काय चूक? घोळ तूच करून राहिली." मग विचारलंत, "शाळेत पयल्या दिवशी बाईला काय म्हणली व्हतीस?"

"याडी." आपल्या बोलीत आई म्हटलं म्हणून सगळा वर्ग हसला होता.

"परत कधी म्हणलीस?"

"न्हाई."

"काहून?"

"शाळेचं फाटक आलं की आपोआप बोली बदलायची."

"बराबर. तिलाबी फाटक दे."

याडीकडून तुम्ही दसऱ्यापर्यंतची मुदत मागून घेतलीत. बाहीच्या दिवशी गळ्यात रुंद चामडी पट्टा, नाल्याअलीकडचं रान आणि मराठी. पोशाखाच्या दिवशी पट्टा काढून छातीला पट्ट्यांचा साज, नाल्यापलीकडचं रान आणि सगळे शब्द आपल्या गोरमाटी बोलीतले. पावसाळाभर तिला माणूस दाखवलाच नाही, धरायला फक्त चिंध्यांचे बोळे. कॉलेजात गेल्यापासून मला गोरमाटी चारचौघांत बोलायची लाज वाटे. रानात कुत्रीला हाका मारता मारता ती लाज कधी गेली, कळलं नाही.

दसऱ्याला तुम्ही नुसती बाही घालून उघड्या पायांनी उभे राहिलात. "चावली तर याडीचं ऐकायचं." मी चामडी पट्टा बांधला. "धर" म्हणाले. बाहीवर दणका बसला आणि तुम्ही मोठ्यानं हसलात.

त्या हिवाळ्यात ती दोन्ही स्पर्धा खेळली. एकीत तिसरी आली. दुसरीत भिंतीवरून उडी मारायला तयार झाली नाही, पण पाय मात्र चोख धरला. तिथल्या परीक्षकानं विचारलं, "ये कौनसी भाषा है?" तुम्ही म्हणालात, "घर की."

नंतर लोक कुत्री घेऊन माझ्याकडे येऊ लागले. एकाच जनावराला दोन्ही जमेल का, असं विचारतात. मी हो म्हणते आणि दसऱ्याची सकाळ सांगते: कुत्री कशी धावली, कुठे पाय उचलले, कशी हवेत आली. हे पत्र वहीतच राहणार आहे, म्हणून लिहिते. त्या दिवशी तुम्ही बाहीला लटकलेल्या कुत्रीसकट माझ्याकडे वळलात आणि विचारलंत, "पाह्यलंस का, कशी वर आली?" मी म्हणाले, "व्हय, बापू." मी "धर" म्हटलं आणि डोळे घट्ट मिटून घेतले होते.