नात्याच्या रकान्यात

दिनांक नऊ, सोमवार, दुपार

चि. ठकीस,

आशीर्वाद. तीन वर्षांत पहिल्यांदा तुला ‘चि.’ लिहिलंय, तेव्हा पत्र दुसऱ्या कुणाचं समजून बाजूला ठेवू नकोस. तुझंच आहे. आजवर ‘शेजारीणबाईंस नमस्कार’ असं लिहून खाली ‘आपले काका’ करत होतो, कारण आश्रमातली पत्रं ऑफिसातून जातात आणि पाकीट उघडंच द्यावं लागतं. हेही उघडंच देणार आहे. वाचू देत.

तब्येत बरी आहे. खोकला सकाळी असतो, दहापर्यंत जातो. तुझ्या गॅसची नळी बदलायला झाली असेल, जावयांना आठवण कर. नातीला जिन्यात पळू देऊ नकोस, तिसरी पायरी फुटलेली आहे. की दुरुस्त केली? तू लिहीत नाहीस म्हणून मला ती अजून फुटलेलीच दिसते.

निळा शर्ट मिळाला. कॉलर मोठी होती, उसवून पुन्हा बसवली. शिंप्याच्या पोरीने तयार शर्ट पाठवावा हे काही बरं नाही, पण कापड चांगलं आहे. त्या शर्टापासूनच सगळं झालं. क्रमाने सांगतो.

इथे वर्षातून दोनदा मिशनवाले येतात. चर्चची माणसं, परदेशातून, स्वतःची रजा घालवून येतात. आधी समोरच्या अनाथालयात मुलांकडे जातात, मग आमच्या म्हाताऱ्यांकडे. त्यांच्याबद्दल मी वाईट बोलणार नाही. गेल्या खेपेला त्यांच्यातल्या एका धिप्पाड गृहस्थाने आमच्या न्हाणीघरातला गळका नळ गुडघे टेकून दुरुस्त केला. ब्लँकेटं आणतात, साबण, चष्मे, स्वेटर. स्वेटरच्या बाह्या मात्र त्यांच्या मापाच्या. ते गेले की आठ दिवस मी बाह्या आखूड करत बसतो.

ते यायच्या दिवशी मोठ्या बाई, म्हणजे इथल्या व्यवस्थापक, सकाळीच खोल्यांतून फिरतात. चांगले कपडे पेटीत, विरलेले अंगात. “आणि विचारलं, तुम्हाला कोण आहे, तर काय सांगायचं?” आम्ही शाळेतल्यासारखे एका सुरात म्हणतो, “कोणी नाही.” माझ्या शेजारच्या खाटेवर एक निवृत्त बस कंडक्टर आहे. तो पुढे जोडतो, “आणि सुटे पैसेही नाहीत.”

शुक्रवारी ते आले. मी तुझा शर्ट घातला. का ते विचारू नकोस. 

“काका, हा शर्ट?” मोठ्या बाई म्हणाल्या.

“बाकीचे धुवायला टाकलेत.”

“तिन्ही?”

“तिन्ही.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी बटणाकडे पाहिलं. शर्ट अंगात राहिला.

मग त्यांच्यातली एक पांढऱ्या केसांची बाई माझ्या खाटेवर येऊन बसली. बरोबर दुभाषी मुलगी. बाईने विचारलं, तुम्हाला कोण आहे? आणि मी म्हणालो, “कोणी नाही.” होय, म्हणालो. तुझा शर्ट अंगात असताना म्हणालो. तीन वर्षांचं पाठांतर, तोंडातून आपोआप निघतं.

बाईने माझे दोन्ही हात धरले, डोळे मिटले आणि प्रार्थना सुरू केली. दुभाषी मागून हळूहळू सांगत होती, “हे प्रभू, या माणसाला या जगात कोणी नाही. मूल नाही, बाळ नाही.” आणि बाई रडत होती. खोटं नाही, तिच्या डोळ्यांतलं पाणी माझ्या मनगटावर पडलं.

ठकी, मला घाम फुटला. ऑफिसात सांगणं वेगळं. हे थेट वर कळवलं जात होतं, माझ्या नावाने, तेही रडून. तिचा देव वेगळा, माझा वेगळा, हे मान्य. पण ऐकायला कोण कुठे बसलाय, मला काय ठाऊक? त्याने खरं मानलं आणि याला मुलगी नाही असं लिहून घेतलं, तर? तू रोज दोन मोठे रस्ते ओलांडून कामाला जातेस.

“थांबा,” मी म्हणालो. “बाई, थांबा. चुकतंय.”

 बाईने डोळे उघडले.

“मला मुलगी आहे. हा शर्ट तिने पाठवलाय. त्यांना सांगा, ते खोडायला.”

“काय खोडायला, आजोबा?”

“आत्ता वर सांगितलं ते.”

पोरगी गोंधळली, पण तिने सांगितलं. बाई हसली नाही. तिने तुझं नाव विचारलं. मी सांगितलं. आधी माहेरचं पूर्ण, मग सासरचं पूर्ण, वर चुकामूक नको म्हणून. बाईने पुन्हा हात धरले आणि पहिल्यापासून सगळी प्रार्थना केली, या वेळी तुझ्या नावाने. सगळ्या हॉलने ऐकलं. मोठ्या बाई दारात उभ्या होत्या.

“शिंपी,” कंडक्टर म्हणाला, “गेली तुझी सीट.”

शनिवारी ऑफिसात बोलावणं आलं. मोठ्या बाई दुष्ट नाहीत. चाळीस माणसांना दोन वेळचं घालतात, आजारपणं काढतात. म्हणाल्या, “काका, नियम मी केलेला नाही. इथे निराधारांनाच ठेवता येतं.” मग एक टाइप केलेला कागद पुढे केला. मला विस्मरणाचा त्रास आहे, मुलगी असल्याचा भास होतो, असं त्यावर होतं. सही केली तर खाट माझी. नाहीतर महिनाअखेर खाट सोडायची.

मी दोनदा वाचला. चौथी शिकलेल्यालाही ‘भास’ कळतो.

“बाई,” म्हटलं, “हे माझ्या मापाचं नाही.” कागद परत सरकवला. 

मग त्यांनी रजिस्टर उघडून माझ्यापुढे धरलं. दाखल करणाऱ्याचं नाव, तुझं. पुढे नात्याच्या रकान्यात, शेजारीण. “मग हे कुणी सांगितलं?” त्यांनी विचारलं. मी रजिस्टर मिटून परत दिलं. दोन दिवस झाले, अजून जेवण जात नाही. त्यांना सांगितलं नाही ते आधी तुला सांगतो.

तुला सगळं आठवत असेल. आपण नुसती चौकशी करायला आलो होतो. खिडकीवर पाटी होती, फक्त निराधारांसाठी. खिडकीमागच्या कारकुनाने विचारलं, “तुम्ही यांच्या कोण?” तू बोलायला गेलीस. तुझे ओठ ‘मु’साठी मिटलेले मी पाहिले. आणि मीच मधे बोललो, “शेजारीण.” तू माझ्याकडे पाहिलंस. मी दुसरीकडे पाहिलं. मग तू सही केलीस.

शब्द माझा होता. आणि नंतर तीन वर्षं दर पत्रात तोच लिहून तुलाच टोचत राहिलो. मनात म्हणायचो, पोरीने टाकलं. तसं म्हटलं की बरं वाटायचं. तू टाकलं नव्हतंस. तुमच्या दोन खोल्यांत मी दिवसातून वीसदा गॅस बघायचो, कडी बघायचो, तुला कामावर फोन करायचो. एका दुपारी नात म्हणाली, “आजोबा, तुम्ही सारखं बघता ना, मग मला आपल्या घराचीच भीती वाटते.” ते पोर तेव्हा पाच वर्षांचं होतं. तुला हे कधी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी मीच म्हणालो, आश्रमाची चौकशी करू.

मला घरी ने असं मी म्हणत नाही. मोठ्या बाईंनी नियम मोडावा असंही नाही. पण त्या कागदावर सही करणार नाही, तू आलीस तरी आणि नाही आलीस तरी. खाट जाईल तर जाईल. बाह्या आखूड करणारा माणूस कुठे ना कुठे लागतोच.

भेटीची वेळ दहा ते बारा आहे. खिडकीत अजून तोच कारकून बसतो. आलीस तर तो विचारेल, तुम्ही यांच्या कोण. विचारू दे. या खेपेला मी मधे बोलणार नाही.

मोठ्या बाई, इथवर वाचलं असेल तर आता पाकीट नीट चिकटवा, कोपरे उघडे राहतात.

रस्ता दोन्हीकडे बघून ओलांड.

तुझा बाप